उडी माझ्या नावावर

आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की वर्षभर कढई चढत नाही. दिवाळीतही तळण करायचं नाही. शेजारीपाजारीच फराळाचे डबे आणून देतात. नवरा गेला त्या वर्षी प्रताप नगरातल्या आमच्या घरी इतके डबे आले, की ऐन दुखवट्यात माझं वजन वाढलं. ते चाललं. पण त्याच वर्षात मी विमानातून उडी मारायला मध्य प्रदेशात जाते म्हटलं, ते मात्र चाललं नाही.

मला उडी मारायची होती. का, ते विचारू नका. सगळ्यांचं विचारून झालंय. मी चोपन्न वर्षांची, सरकारी कचेरीतली कारकून. नागपूरहून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर एका जुन्या धावपट्टीवर हिवाळ्यात काही दिवस पॅराशूटवाले येतात, हे मी मोबाइलवर पाहिलं आणि मला वाटलं, जावं. नुसतं 'मला वाटलं' म्हणून मी लग्नानंतर घरातले पडदेसुद्धा बदलले नव्हते.

दीर खालच्या मजल्यावर राहतो. तो वर आला. "वहिनी, काहून असं करून राहिल्या तुम्ही? वर्ष तं होऊ द्या. लोक काय म्हणतील?"

"लोकायले म्हणा, आणखी एक डबा आणून द्या," मी म्हटलं.

दुःख नव्हतं असं नाही. मला कारली आवडत नाहीत, त्याला आवडायची. अजूनही बाजारातून पाव किलो कारली घेऊन येते आणि चिरायला बसले की रडते. पण माझ्या रडण्याची हजेरी दुसऱ्या कुणी घ्यावी, हे मला मान्य नव्हतं. आजही नाही.

मग उमरेडहून मोठी नणंद आली. आमच्या घरातले तंटे ताईच मिटवतात. एसटीतून उतरून आल्या, पाणीही न पिता म्हणाल्या, "हे पाह्य वं, माह्या भावाची इच्छा होती म्हणून सांगून टाकू. बायकोनं पुरी केली. मंग कोणी तोंड नाही उघडत."

चहा होईपर्यंत त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलंही. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कालपर्यंत जे थिल्लर होतं ते आज पुण्यकर्म झालं. दिराने स्वतः गाडीचं तिकीट काढून दिलं. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या, पण बोलल्या काहीच नाहीत. मीही गप्प बसले, कारण मला जायचं होतं. पण अंगाचा तिळपापड झाला होता. इतक्या वर्षांत एक इच्छा माझी अशी निघाली, तर तीही त्याच्या नावावर चढवली!

निघताना ताईंनी त्याचा फोटो हातात ठेवला. "छातीशी ठेवजो. त्यालेही घेऊन जा."

आता हा माणूस संक्रांतीला पतंगसुद्धा गच्चीच्या मधोमध उभा राहून उडवायचा, कठड्याकडे फिरकायचा नाही. जिवंतपणी उंचीच्या नावाने घाम फुटायचा, त्याला मेल्यावर विमानातून ढकलू? फोटो मी बॅगेतच राहू दिला.

धावपट्टीवर पट्टे आवळून मला एका दणकट प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधलं. वयाने माझा मुलगा शोभला असता. विमान इतकं लहान की गुडघे हनुवटीला लागत होते. दार उघडलं आणि थंड वारा थोबाडीत मारल्यासारखा आत आला. पाय बाहेर लोंबत होते, खाली काहीच नव्हतं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? "नको" हा शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात प्रशिक्षकाने माझ्यासकट झोकून दिलं.

पहिल्या क्षणी श्वासच गेला. मग गाल फडफडायला लागले, डोळ्यांतलं पाणी कानांकडे पळालं, आणि मी जन्मात कधी दिली नव्हती अशी एक शिवी गळा फाडून दिली. कुणाला, ते मलाही माहीत नाही. फार बरं वाटलं. पॅराशूट उघडल्यावर सगळं एकदम शांत झालं आणि खाली गव्हाची शेतं दिसायला लागली.

जमिनीवर आल्यावर प्रशिक्षकाने हातातला कॅमेरा माझ्याकडे वळवून काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. ते सगळं त्यात भरलं गेलं.

रविवारी घरी सगळे जमले. ताई मुद्दाम थांबल्या होत्या, शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या. दिराने व्हिडिओ टीव्हीवर लावला. माझे फडफडणारे गाल पाहून सगळे पोट धरून हसले. मग पडद्यावर जमीन आली आणि प्रशिक्षकाचा आवाज आला, "माताजी, ये जंप किसके नाम?"

"मेरे नाम," पडद्यावरची मी म्हणाले. "और किसी की इच्छा नहीं थी. मेरी थी."

दीर रिमोट शोधायला लागला.

"असं काहून बोलली वं?" ताई म्हणाल्या. "त्याचं नाव तं घ्यायचं."

"ताई, त्यांची इच्छा नव्हतीच. ग्रुपवर तुम्ही खरं लिहा, नाहीतर मी लिहिते."

तेव्हा सासूबाई बोलल्या. इतक्या दिवसांत या विषयावर पहिल्यांदाच. "खाली पडतानी त्याची याद आली का वं तुले?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. समोर त्याची आई होती.

"नाही आली," मी म्हटलं. "पडत होते तेवढा वेळ, एकदाही नाही आली." शब्द मी मागे घेतला नाही.

सासूबाईंनी माझा हात धरून मला खाली, आपल्या शेजारी बसवलं.

"कसं जमलं वं तुले?" त्या म्हणाल्या. "सांग मले. मले तं एक मिनिट बी नाही जमून राहिलं."