भावोजींचा व्हिसा

त्याला सगळे मुका म्हणतात. दिवसभर तोंडासमोर काळी काच धरून वेल्डिंग करतो, आणि काच खाली घेतली तरी तोंड उघडत नाही. अशा माणसाला जग पायपुसणं करतं आणि तो पाय उचलायलाही मदत करतो. मला अशा माणसांचा राग येतो. मुक्याचाही यायचा.

बॉयलर दुरुस्तीच्या शेडमध्ये तो आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, अशी जोडी. पाइपाला पाइप जोडताना मधल्या फटीत पहिला, आतला थर भरतात तो मुक्याचा. उताणं पडून, मान वाकडी करून, ठिणग्या गळ्यात घेत तो भरायचा. त्यात सुईएवढं भोक राहिलं तरी वाफ ते शोधून काढते. मग वरचे थर भावोजींचे. नाणी ओळीनं आडवी मांडावीत असा त्यांचा शेवटचा थर. गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवून म्हणायचं, "वा, काय हात आहे!" मुका बाजूला उभा राहून हातमोजे झटकायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, त्यामुळे भावोजींना आतला थर येतो का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. खुद्द भावोजींनाही नाही.

परदेशातल्या एका कंपनीला पाइप वेल्डर हवे होते. बाहेर जाणाऱ्यांचे करार आम्ही कामगार संघटनेच्या ऑफिसात वाचून देतो, कारण एजंट लोक कराराचं शेवटचं पान दाखवतात आणि म्हणतात, इथे सही. यांचे दोघांचे करार मीच वाचले. ठीक होते. राहिली परीक्षा. तिरका बसवलेला पाइप, प्रत्येकानं आपला आपण पूर्ण जोडायचा. मध्ये ताडपत्रीचे पडदे.

परीक्षक फोन घ्यायला बाहेर गेला आणि पडद्यापलीकडून भावोजींची हाक आली, "झालं का रे तुझं? ये की इकडे जरा."

रोज यायची तशीच हाक. मुका रोज जायचा तसाच गेला, आतला थर भरला, परत आला. आपण काही चोरी केली हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. जोडांचे एक्स-रे काढले, दोघंही पास.

ताईनं शेजारपाजारी सांगून टाकलं, दोघं बरोबरच चाललेत. भावोजींनी मालकाला राजीनामा दिला, तोही तोंडावर फेकून. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि मुक्याच्या फुप्फुसात डाग निघाला. एजंटाचा कारकून हसत म्हणाला, "पाइपाचा एक्स-रे पास आणि माणसाचा नापास!" भावोजींच्या पासपोर्टवर मात्र व्हिसा बसला.

त्याच आठवड्यात भरदुपारी मुका माझ्यासमोर येऊन बसला. पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि तसाच हातात धरून राहिला.

"दादा, तिकडे वाफेच्या लाइनी आहेत."

"बरं मग?"

"भावोजींना आतला थर येत नाही."

सगळं ऐकल्यावर मी भडकलो. "अरे, हे आत्ता सांगतोस? शिक्का बसल्यावर?"

"वाटलं, मी सोबत असणारच आहे. तिकडेही तसंच करू."

"लाइन फुटली तर? खाली कोण उभं असेल?"

"म्हणून तर झोप लागत नाही."

मी म्हटलं, आधी शिकवून बघ. त्यानं शेड बंद झाल्यावर भावोजींना पाइपाखाली झोपवलं. जोड कापून बघितला, तर आत मेणबत्तीसारखे ओघळ. भावोजींनी तो तुकडा लाथेनं बाकाखाली सरकवला. "मला शिकवतोस? तुझ्या बहिणीशी लग्न झालं तेव्हा तू नाक शर्टाला पुसत होतास. तिकडे गेलो की येईल हाताला."

मग मुक्यानंच मला कंपनीच्या इथल्या ऑफिसात नेलं. तिथल्या इंजिनिअरसमोर उभं राहून म्हणाला, "त्या पाइपाचं आतलं काम माझं आहे." एजंट अंगावर धावून आला. मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. इंजिनिअरनं भावोजींना फेरपरीक्षेला बोलावलं. ते आले, पाइपाखाली झोपले, निम्म्यावर त्यांनी स्वतःच मशीन बंद केलं आणि कुणाकडे न बघता निघून गेले. व्हिसा रद्द झाला.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "तुझ्या भावानं तक्रार केली."

दुसऱ्या दिवशी ताई मुक्याच्या खोलीवर आली. मी तिथेच होतो. ती उंबऱ्यातच थांबली.

"तुझं अडलं म्हणून त्यांचंही अडवलंस ना?"

मुक्यानं तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"बोल की. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. खालच्या दुकानात शिरतानाही तोंड लपवावं लागतंय. एवढंच सांग, त्यांना खरंच येत नव्हतं?"

मी तोंड उघडलं, तर मुक्यानं माझं मनगट धरलं. वेल्डरची पकड ती.

"येत होतं, ताई," तो म्हणाला. "मला बघवलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं नाही म्हणावं म्हणून थांबली असावी. मग पदर सावरून जिना उतरून गेली.

मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, माणूस वाचवलास आणि वर स्वतःच्याच तोंडाला काळं फासून घेतोस? तिचा नवरा घरी मिजाशीत बसलाय, आणि तू?

"ते फेरपरीक्षेतून बाहेर पडले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, दादा. ताईला ते दिसायला नको."

"म्हणून खोटं बोललास."

"खोटं कशाला?" तो खाली बघून म्हणाला. "माझ्या छातीत डाग निघाला नसता तर मी तुमच्याकडे आलो असतो का? नसतो आलो. आज तिकडे त्यांचा थर भरत बसलो असतो. मला त्या वाफेची काळजी कधी वाटायला लागली, ते बघा ना. माझं नाव कटल्यावर."

भावोजी आता दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेट आणि ग्रिल बनवतात. मुका एकटाच पाइप जोडतो, वरचा थर त्याचा ओबडधोबड येतो. ताईनं त्याला अजून घरी बोलावलेलं नाही. मी दर वेळी म्हणतो, मी जाऊन तिला खरं काय ते सांगतो. तो काच तोंडासमोर घेतो आणि मागून म्हणतो, "खरं कुठलं ते आधी मला कळू दे, दादा. मग जा."