तेवरचं बोलकं खापर

पौषातल्या कोवळ्या उन्हात गोणपाटावर वाळत पडलेली ओली खापरं... आणि नव्या माठात पाणी भरल्यावर येतो तसा त्यांचा तो थंडगार, मातकट गंध! भेडाघाटच्या रस्त्यावर तेवरला बाबा उत्खननाचे प्रमुख होते. त्यांचे धाकटे भाऊ, सुधाकाका, तिथेच नकाशे काढत. नाताळच्या सुट्टीत शहरातल्या सदर भागातल्या आमच्या घरून मीही त्यांच्याबरोबर जायची आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने खापरं धुवायची. वाळलेल्या प्रत्येक खापराच्या आतल्या अंगावर काका काळ्या शाईने बारीक आकडा टाकत. त्यातलं एकही घरी न्यायचं नाही, हा बाबांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण एक खापर बोलायचं. खरंच सांगते, हसू नका. कानाशी धरलं की आतून एक बाई कुणाला तरी हाका मारी... भाषा अनोळखी, पण जेवायला बोलावणारी हाक कुठल्या पोराला कळत नाही? बिचारी ताट वाढून हजार वर्षं ताटकळली होती, मला राहवेना. फ्रॉकच्या खिशातून मी ते घरी आणलं. बिनआकड्याचं खापर बेवारस, हेही डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून त्यावर काकांसारखा सातचा आकडासुद्धा टाकला. चोर, पण शिस्तीचा!

दुसऱ्याच दिवशी ते बाबांच्या हाती लागलं.

"कोणी आणलं हे?"

मी काकांच्या मागे सरकले. काका पुढे झाले. "मीच आणलं, दादा. गलती झाली."

बाबा त्यांना नको ते बोलले. खापर तेवरला परत गेलं, आणि महिन्याभरात काका आमचं घर सोडून शहरातच कांचघर भागात वेगळं बिऱ्हाड करून राहिले. एकाच शहरात दोघं भाऊ परके झाले. दिवाळीला फराळाचा डबाही जाईना. काकांच्या आठवणीने माझा जीव तुटायचा. खरं सांगून टाकायचं असं रोज ठरवायची, रोज कच खायची...

गेल्या हिवाळ्यात काका गेले. ग्वारीघाटावर चितेपासून बाबा लांबच उभे होते. तेराव्यानंतर मी त्यांच्याजवळ रडत रडत सगळं कबूल केलं.

"माहीत होतं मला," बाबा म्हणाले. "सुधाचा सात असा वाकडा नव्हता."

"मग त्यांना काहून बोललात इतकं?"

"तो माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला, बेटा. कधीतरी येऊन खरं सांगेल म्हणून वाट पाहून राहिलो... बस."

मी त्यांचा हात हातात घेतला. खापर सापडलं त्या दिवशी बाबा बाहेर गेल्यावर मी काकांना माझ्या गळ्याची शपथ घातली होती — कधीच, कोणालाच सांगू नका. ती त्यांनी जन्मभर पाळली. हे मात्र बाबांना सांगायला जीभ अजून रेटत नाही.