पानाला गाठ मारली, तरी ससा तिथेच

"रात्री ज्याचा श्वास ऐकू येतो, तो घरातला." माझी थोरली जाऊ ऐकारुवा हे नेहमी म्हणायची. लग्नात म्हणायची, मर्तिकात म्हणायची, शेजारणीच्या शेळीला करडू झालं तरी म्हणायची. मला ते बोलणं गोड वाटायचं. मग मी तिच्या खोलीत झोपायला गेले, आणि तो श्वास कोणाचा, ते मला कळलं.

झालं असं, की मार्चच्या वाऱ्यात माझ्या घरावर अवोकाडोचं झाड पडलं. छपराचे नवे पत्रे येईपर्यंत जाऊबाईकडे राहावं असं सगळ्यांनी ठरवलं. आम्ही दोघीही विधवा, दोघींची घरं एकाच केळीबागेत, मधे फक्त इसालेच्या झुडपांची रांग. किलिमांजारोच्या या उतारावर आम्ही हद्द दगडानं नाही, इसालेनं आखतो. आणि त्याच झुडपाचं पान तोडून, गाठ मारून कोणापुढे धरलं, की माफी मागितली असं होतं. मग समोरच्यानं नाही म्हणायचं नसतं. खून झालेल्या घरानं पान घेतलेलं मी लहानपणी पाहिलं आहे.

तर त्या खोलीबद्दल. दार उघडलं की आधी डोळ्यांना झोंबायचं, मग नाकाला. पलंगाखाली केळीची सुकी पानं पसरलेली, त्यावर तिचा ससा. आणि तोही नर. भिंतीला, पलंगाच्या पायाला, माझ्या गाठोड्याला पाठ लावून तो धार मारायचा. लालसर मूत, वाळलं की चुन्यासारखं पांढरं पडायचं, नखानं खरवडलं तरी निघायचं नाही. लेंड्या तर कॉफीच्या बियांसारख्या घरभर. एक माझ्या चर्चच्या टोपीत निघाली, तीही भजनाला उभी राहिल्यावर. एम्तोरीचा वाडगा तोंडाला लावावा, तर केळ्याच्या त्या घट्ट सुपात पांढरा केस.

पण हे सगळं मी सोसलं असतं. पहाटे तो मान वाकवून स्वतःच्या ढुंगणाला तोंड लावायचा आणि तिथून निघालेल्या मऊ, चकचकीत लेंड्या तिथल्या तिथे खायचा. डोळे मिटून, चवीनं. आणि त्याच तोंडानं उडी मारून पलंगावर यायचा आणि जाऊबाईची हनुवटी चाटायचा. ती चाटू द्यायची. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

तिनं त्याला नावही ठेवलं होतं. मी ते घेणार नाही.

मी बोलले नाही असं नाही. ती म्हणायची, "आपल्या सासूच्या उशाशी गाय बांधलेली असायची, धाकटे. तेव्हा तुझं नाक कुठे होतं?"

"गाय दूध द्यायची," मी म्हणायचे. "आणि ती सासूबाईंची हनुवटी चाटत नव्हती."

"सासूबाईंना कोणीच चाटत नव्हतं. म्हणून तर तशा कडू होत्या."

असं ती हसण्यावारी न्यायची. ती त्याला का सोडत नाही, ते मला ठाऊक होतं. परसात तिची चौदा सशांची खुराडी होती. एका रात्री सियाफू आल्या. त्या मुंग्या काळ्या दोरासारख्या चालतात आणि बांधलेल्या जनावराला सोडत नाहीत. सकाळी खुराड्यात हाडं आणि कान उरले होते. हा एक आजारी म्हणून चुलीजवळ टोपलीत होता, तो वाचला. त्या दिवसापासून तो पलंगाखाली, आणि पलंगाभोवती राखेचं रिंगण. पण थोरले दीर गेले तेही त्याच महिन्यात. त्यामुळे यातलं सशांसाठी किती आणि दिरांसाठी किती, हे सांगणं कठीण.

दिवा मालवला की ती त्याच्याशी बोलायची. कोणाची केळी पिकली, गुडघा कसा दुखला, कोणी जाताना नमस्कार केला नाही. दिरांना जे सांगितलं असतं ते सगळं. तो दात चोळत ऐकायचा. मी कानावर पांघरूण घ्यायचे, तरी ऐकू यायचं.

सहा आठवडे झाले. पत्रे आले नाहीत. माझ्या अंगाला असा वास लागला, की बाजारात बायका माझ्या पाटीपासून सरकून बसू लागल्या. तेव्हा मी माझ्या पुतण्याला फोन केला. एलिरेहेमा, जाऊबाईचा एकुलता एक मुलगा, खाली मोशी शहरात राहतो. मी सांगितलं, तुझी आई मुतात झोपते, खोकते, आणि एका जनावराचं उष्टं तोंड आपल्या तोंडाला लावून घेते. तिला घेऊन जा. तो म्हणाला, कितीदा बोलावलं, ती येत नाही. सशासकट यायला सांगितलं तर माझी बायको घरात राहत नाही.

मग मीच त्याला शिकवलं. तेच माझं चुकलं. म्हटलं, "हातात इसाले धर. तुला काय वाटलं, पान धरल्यावर ती नाही म्हणेल?"

तो शनिवारी दुपारी आला. गाडी खालच्या वळणावर ठेवून चालत आला. बुटांना चिखल, हातात गाठ मारलेलं पान. पानाची गाठ नीट होती, ती पाहून मला बरं वाटलं. जाऊबाई अंगणात केळी सोलत होती. ससा तिच्या पायाशी साली खात होता. एलिरेहेमानं गुडघे टेकले आणि पान पुढे केलं. म्हणाला, आई, हे घे, आणि माझ्याबरोबर चल, याला इथेच सोडून. काकूंना दे, नाहीतर कापायला दे.

तिनं सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. पान घेतलं नाही, नाकारलंही नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या एका नजरेत मला कळलं की तिला सगळं कळलं आहे.

"कशाची माफी मागतोस?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, तुला तुझ्या मनाविरुद्ध नेतोय, त्याची.

"ते अजून झालं नाही. पान झालेल्या चुकीसाठी असतं, बाळा, करायच्या चुकीसाठी नसतं. उद्या शेजाऱ्याची गाय न्यायची म्हणून आज त्याला पान देतोस का? काय केलंस ते सांग, मग मी घेते."

त्याच्या गुडघ्यांखाली चिखल होता. मला वाटलं आता उठेल, पण गाठ मारलेलं पान हातात घेऊन उठता येत नाही. तसं कोणी केलेलं नाही. ससा उड्या मारत त्याच्या बुटाशी गेला, हुंगलं, आणि पाठ फिरवून बुटावर धार सोडली. एलिरेहेमानं पाय हलवला नाही. मी तोंडाला पदर लावला.

मग तो म्हणाला, "बाबांना पुरलं, आणि मी तिसऱ्या दिवशी गेलो. तू म्हणालीस चार रात्री राहा, पलंग मोठा वाटतो. मी म्हटलं काम आहे. काम नव्हतं."

केळीची पानं वाऱ्यात वाजत होती. जाऊबाईनं दोन्ही हात पुढे केले आणि पान घेतलं.

"हे मी घेतलं," ती म्हणाली. "हे आता संपलं."

त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, मग येतेस ना. ती म्हणाली, पानानं माफी मागितलीस, ती दिली. पानानं दुसरं काही मागता येत नाही. मग ती म्हणाली, वाटल्यास रात्री राहा. पलंग अजून मोठाच आहे, धाकटी तर भिंतीला चिकटून झोपते. त्यानं आपल्या ओल्या बुटाकडे पाहिलं.

मी मात्र बोलले. म्हटलं, जाऊबाई, माझंही चुकलं असेल, पण त्या खोलीत माणसानं झोपू नये, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

"म्हण की," ती म्हणाली. "तुझाही श्वास मला ऐकू येतो. घोरतेस."

तिनं वाकून सशाला उचललं. त्याची मागची तंगडी ओली होती, ती तिनं पदरात गुंडाळली. इसालेचं पान तिच्या हातातच होतं. सशानं त्याचं टोक कुरतडायला घेतलं, तर तिनं पान उंच धरलं आणि त्याला दुसऱ्या हातानं छातीशी दाबलं. सोललेली केळी तशीच ठेवून ती घराकडे निघाली, गुडघा सांभाळत, सावकाश, त्याच्या कानात काहीतरी सांगत. काय सांगत होती ते रात्री मला ऐकावं लागणारच होतं. एलिरेहेमा अजून चिखलात गुडघ्यावर होता, मी नाकाला पदर धरून उभी होते. दार बंद होईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो.