कोंडलेल्या सुनेचं चित्र

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही मैत्रिणींनी आकुर्डीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये चित्रदालन उघडलं होतं. बायकांच्या छळाबद्दल लोकांनी बोलावं, एवढीच इच्छा होती. एका दुपारी चिखलीची एक तरुण बाई आली आणि मी काढलेल्या, घरात कोंडलेल्या सुनेच्या चित्रापुढे थांबली.

"हिला पुढं कुणी सोडवलं का?" तिनं विचारलं. तिच्या मनगटावर डागल्याची ताजी खूण होती.

"मी घरी येऊन बोलू का?"

"नगं बाई. तुमी बोलून जाल, मला तितंच ऱ्हायाचं हाय."

तरी राहवेना, म्हणून पुढच्या आठवड्यात मी चिखलीला गेले. विचारत विचारत घर सापडलं. ती दारातच होती, मागे सासू उभी.

"मी न्हाई वळखत तुमाला," ती म्हणाली आणि आत गेली. मी तशीच परत आले.