झिंगे, सापडली पाय

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय. मी डिझेल मेकॅनिक. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतंच, एवढंच मी मानतो. तरीपण हे लिहितोय... हसायचं तर हसा.

आरमोरीच्या खालच्या अंगाला वैनगंगेवर आमचा डोंगा चालतो, पंपाचं डिझेल इंजिन बसवलेला. मूळ गजाननचा — म्हणजे माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा. तो काविळीनं गेला, पुढं सुमनचा माझ्याशी पाट लागला. डोंगा माझ्याकडे आला, अन् त्याच्यासोबत गजाननचं कौतुकही! घाटावर जो तो म्हणणार, "गजाननभाऊचा हात लागला का इंजिन चालूच." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मेलेल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

यंदा इंजिन हवा घेऊ लागलं. धारेत गेलं की भकभक करून बंद. हवा काढली की चालू, की परत बंद. वायसर बदलले, फिल्टर बदलला, डिझेलनं ओला दिसला तो प्रत्येक जॉइंट आवळला. सुमन एवढंच म्हणाली, "थे असते तं जॉइंटले साबन लावून पाह्यलं असतं." झालं! फेसानं फट शोधायची ही गजाननची युक्ती. मी ठरवलं, साबणाला हात म्हणून लावायचा नाही.

एका भर दुपारी आम्ही दोघंच पल्याडहून येत होतो. ऐन धारेत इंजिन गचकलं. डोंगा वाहत खडकांकडे निघाला. सुमन पुढं पाठमोरी बसून जीव खाऊन वल्हं मारत होती. मी पंपाची दांडी मारून हवा काढतोय, पण प्लास्टिकच्या नळीतले बुडबुडे थांबेचनात.

अन् एकाएकी थांबले! हँडल मारलं, इंजिन धडाडलं. वाकून बघतो तर टाकीजवळच्या नळीच्या नटाभोवती साबणाचा ताजा फेस. तो नट कोरडा म्हणून मी बघितलाच नव्हता. पण तिथून डिझेल बाहेर गळतच नव्हतं, हवा आत ओढली जात होती. डोंग्यावर साबण नव्हता. माझे हात काळेकुट्ट, फेस पांढराशुभ्र.

तेवढ्यात सुमन वळली. चक्क लाजलेली.

"काऊन जी, हे नाव कोनं सांगतलं तुमाले?"

"कोनतं नाव?"

"आत्ता मांगून तुमीच म्हनाले ना... 'झिंगे, सापडली पाय'. थे एकट्यातच म्हनत मले तसं. दुसऱ्या कोनालेच माहीत नोतं."

'गळती सापडली बघ' असं सांगायला मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण तिचा चेहरा असा फुलला होता, जसा माझ्यासाठी कधीच फुलला नाही. मी म्हटलं, "असंच... सुचलं."

नट बदलला. इंजिन आता हवा घेत नाही. फेस कुणी लावला, हाक कुणी मारली — खरंच सांगतो, मला आजही कळलेलं नाही.

डोंग्यावर दोघंच असलो की सुमन म्हणते, "तसं म्हना ना जी एकडाव." मी म्हणतो. ती हसतेही...

पण हसताना बघते ती इंजिनाकडे.