दुपट्ट्यानं बांधलेली फांदी

भूत, चकवा, झपाटणं... यांवर माझा काडीचा विश्वास नाही. कसा असेल? आमच्या भीमपूर भागातल्या असल्या निम्म्या गोष्टी मीच तयार करून सोडल्या आहेत. पैनगंगेच्या डोहातली पांढऱ्या लुगड्याची बाई माझी. तीच गोष्ट पुढं एका कंडक्टरनं मलाच शपथेवर ऐकवली! तेव्हा मला ओळखणाऱ्यांनी हसू आवरून वाचावं. या एका गोष्टीला मी मीठमसाला लावलेला नाही... सायकलच्या वेगाला थोडा लागेल, तेवढा चालवून घ्या.

नव्वदच्या आसपासची दिवाळी. माझी थोरली बहीण, अक्का, गुडीहत्नूरकडं डोंगराखालच्या गावात दिलेली. तिला माहेरी आणायला मी मुराळी म्हणून गेलो होतो. सोबत दोस्त दिगांबर. आम्हा दोघांना वेड एकच — डोंगर. मिळेल ती सायकल घेऊन मी पायवाटांनी चढायचो-उतरायचो आणि दिगांबर शेजारून पळायचा, अनवाणी. हरणं बाजूला होऊन त्याला वाट देत.

भाऊजींकडं लग्नात मिळालेली काळी सायकल होती. सीटला मखमली कव्हर, हँडलला गोंडे. अक्काला तिच्या कॅरिअरवर बसायची परवानगी नव्हती, रंग जाईल म्हणून. मी जेवता जेवता म्हणालो, की भाऊजी, ही सायकल नुसती पूजेत ठेवलीत, हिनं डोंगर पाहिला का कधी? चारचौघांत बोललो, त्यामुळं त्यांना नाही म्हणता येईना.

"घेऊन जा, साळेबुवा," ते म्हणाले. "पण एक ओरखडा दिसला, तं तुमची अक्का दिवाळीले इथंच."

सगळे हसले. अक्का हसली नाही. मागच्या दिवाळीलाही तिला पाठवलं नव्हतं.

दुपारी निघालो. चढताना सायकल ढकलावीच लागते, पण वर पठारावर पोचलो आणि जीव सुखावला. कुसळी गवत पिवळं पडलेलं, खाली फुटलेला कापूस पांढराशुभ्र, आणि वारा असा की घाम यायच्या आधीच सुकायचा. तासभर मी पठारावर सायकल उधळली. दिगांबर बरोबरीनं पळत होता, वर गाणं म्हणत होता.

आता उतार. त्या घाटाची एक रीत आहे. वरच्या वाड्यांवरून दूध आणणारे लोक सायकलच्या मागं पळसाची मोठी फांदी बांधून उतरतात. ती जमिनीवर घासत येते आणि सायकल आवरते, कारण नुसत्या ब्रेकला तो उतार झेपत नाही, रबरं जळतात. खाली पोचल्यावर फांदी सोडायची आणि तिथल्या शेंदरी दगडापाशी ठेवायची. वर्षभराचा ढीग साचतो, त्याची गावाची होळी होते.

फांदी आम्हीही तोडली. पण काथ्याच्या दोरीनं कॅरिअरचा रंग खरचटला तर? माझं डोकं चाललं. दोरी टाकली आणि खांद्यावरच्या मऊ दुपट्ट्यानं फांदी बांधली.

"सुटन बे हे," दिगांबर म्हणाला.

"माही गाठ हाय. सुटत नसते."

पहिल्याच वळणानंतर गाठ सुटली.

काय सांगू! सायकल अशी सुटली की माझी सावली दोन वळणं मागं राहिली. एक माशी तोंडात शिरली ती थेट पोटात. ब्रेक दाबले तर रबराचा जळका वास तेवढा आला. पुढं खडकाचं वळण, त्यापलीकडं मोकळं आभाळ. खरं सांगतो, माझ्या हाडांचा विचार आलाच नाही. अक्काचं तोंड दिसलं... जेवताना न हसलेलं.

आणि मागून खर्र्र आवाज सुरू झाला. फांदी घासल्याचा. सायकल मंदावली. धक्का नाही, ओढ नाही — उतारावर बैलगाडीला मागून कुणी समजूतदार माणसानं धरावं, तशी. वळण मी आरामात घेतलं. मला वाटलं, गाठ सुटली नव्हतीच. मी शीळही घातली. तो आवाज दगडापर्यंत सोबत आला.

उतरून मागं पाहिलं. कॅरिअर रिकामं.

थोड्या वेळानं दिगांबर आला. पळत नाही, चालत. वाट सोडून कडेच्या गवतातून. खांद्यावर माझीच फांदी, तिला माझा दुपट्टा लोंबकळत होता.

"वरच्या वळणाखाली पडली होती," तो म्हणाला.

वाटेवरच्या धुळीत मात्र फांदी ओढल्याचा पट्टा थेट माझ्या मागच्या चाकापर्यंत आला होता. वर, फांदी पडली होती तिथं तो तुटला होता म्हणे. पुढं पुन्हा सुरू, आणि पहिल्यापेक्षा रुंद.

"गवतातून काऊन आला बे? पायात कुसळं भरली ना."

"त्याच्यावर पाय ठेवू नाही वाटला."

आम्ही फांदी दगडापाशी ठेवली आणि गावात आलो. भाऊजींनी सायकल अशी तपासली की डॉक्टरही माणसाला तसं तपासत नाही. ओरखडा नाही. रबरं मात्र जळून काळी गोळी झाली होती. ती पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मग आत वळून म्हणाले, "पेटी भरा. सकाळची बस हाय."

त्या दिवाळीला अक्का घरी होती. मनसोक्त झोपली, मनसोक्त खाल्लं. मला ओवाळताना म्हणाली, "बापू, फराळाचं खाय, पण आता माशा खाऊ नको." दिगांबरनं सांगितलं असणार.

विज्ञानाचे एक मास्तर म्हणाले, समोरून वारा असेल, त्यानं वेग कमी झाला. असेल! मग धुळीत तो पट्टा कुणी ओढला? दिगांबर आयुष्यात खोटं बोललेला नाही, म्हणून लोक त्याला विचारायला जातात. तो एवढंच सांगतो, "मी पायी होतो." माझ्यावर तर कुणी विश्वास ठेवतच नाही. सगळं आयुष्य थापा मारण्यात घालवलं, आणि खरं घडलं ते नेमकं मला!

उत्तर आजही सापडलेलं नाही. पण त्यानंतर तो घाट सायकलनं जेव्हा जेव्हा उतरलो, तेव्हा वर दोन फांद्या तोडल्या. एक बांधायची. दुसरी, छोटीशी, हँडलला अडकवून आणायची आणि दगडापाशी वेगळी ठेवायची. त्या दिवशी माझ्या मागं जी घासत आली, ती तिथं ठेवायची राहून गेली ना.