मरळीचा गळ

गंजक्या लोखंडाचा वास आला की वणीजवळचा तो नदीकाठ आठवतो. मी मासे धरायचे जुने गळ गोळा करत फिरत होतो, तेव्हा एका भोईण आजीनं सासऱ्याचा गळ काढला. “हा कायचा, आजी?” “मरळीचा. थांब, दाखवते तुले.” तिनं जिवंत गांडूळ टोचून गळ नदीत सोडला. खाणीच्या पाण्यानं नदी काळी झालेली. थोड्या वेळानं गळ ओढला, तर गांडूळ पांढरं पडून लोंबत होतं. आणि खाणीचे साहेब म्हणतात, पाणी ठीक आहे! शेजारी, वाळूत खणलेल्या, नदीचंच पाणी झिरपणाऱ्या झिऱ्यातून तिची सून हंडा भरत होती. आजी ओरडली, “सांड तो!” सून म्हणाली, “आता कायले? सकायपासून घरात हेच पिऊन राह्यलो.” आजीनं दिलेला तो गळ आज माझ्या संग्रहात आहे; प्रत्येक गळाला मी माशाच्या नावाची चिठ्ठी बांधतो, पण याच्या चिठ्ठीवर ‘मरळ’ लिहायला हात धजत नाही.